पहिला डान्सचा जोड घेताना आधी तळ बघा

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही दोघं नवरा-बायको चार महिन्यांपासून वॉल्ट्झ आणि चा-चा-चा शिकताय, तेही पळायचे बूट घालून. वळताना तुमचा उजवा गुडघा दुखायला लागलाय. शिक्षकांनी डान्सचे बूट घ्यायला सांगितले. आता टाच किती उंच हवी, बूट पुढून बंद घ्यायचा की उघडा, दोन्ही नाच एका जोडात भागतील का आणि मिस्टरांचे ऑफिसचे काळे बूट चालतील का, हे तुम्हाला ठरवता येत नाहीये. शिवाय तुमचा चवडा रुंद आणि टाच बारीक, त्यामुळे कुठलाच बूट धड बसत नाही. मी 22 वर्षं हे नाच शिकवते आहे आणि नवीन विद्यार्थ्याच्या तोंडी पहिल्या सहा महिन्यांत हे प्रश्न हमखास येतात. बहुतेकांची सुरुवात टाचेच्या उंचीपासून होते. मी उलटं सांगते: बूट आधी उलटा करून बघा.

पण गुडघ्याचं आधी बोलू, कारण ते आजपासून थांबवायला हवं. पळायच्या बुटाचा रबरी तळ जमीन घट्ट धरण्यासाठीच बनवलेला असतो. वॉल्ट्झमध्ये तुम्ही चवड्यावर वळता. खांदे वळतात, कंबर वळते, मांडी वळते, पण पाऊल जमिनीला चिकटून जिथल्या तिथे राहतं. मग तो सगळा पीळ गुडघ्यात उतरतो. गुडघा मुख्यतः दाराच्या बिजागरीसारखा एकाच दिशेने उघडतो-मिटतो. पीळ सोसण्याची त्याची ताकद फार कमी. तुमचं तंत्र चुकत असेलही, पण रबरी तळावर बरोबर तंत्रसुद्धा गुडघ्याला त्रास देतं. नवीन बूट येईपर्यंत वर्गात चवड्यावर गिरक्या घेऊ नका, पाऊल उचलून नव्या दिशेला ठेवा आणि मग वजन टाका. गुडघ्याला सूज असेल किंवा बूट बदलूनही दोन आठवड्यांत दुखणं कमी झालं नाही, तर हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. हे अंगावर काढू नका.

आता तळ. डान्सच्या बुटाचा तळ स्वेडचा असतो, म्हणजे लव असलेल्या मऊ चामड्याचा. नवा बूट हातात घेऊन तळावर अंगठा पुढे-मागे फिरवा. एका दिशेने लव झोपते, तळ गुळगुळीत आणि थोडा फिकट दिसतो. उलट्या दिशेने ती उभी राहते आणि अंगठा अडतो. या लवेमुळे तळ एकाच वेळी दोन कामं करतो. वजन पूर्ण टाकलंत की तो फरशी धरतो, वजन हलकं केलंत की सोडतो. वॉल्ट्झमध्ये पाय बाजूने सरकत येऊन जुळतो तेव्हा तो सरकायला हवा, आणि पुढच्या क्षणी त्याच पायावर उभं राहायचं असतं तेव्हा थांबायला हवा. रबरावर पहिलं जमत नाही, गुळगुळीत चामड्यावर दुसरं जमत नाही.

हा तळ लाकडी फरशीसाठी आहे हे लक्षात असू द्या. ब्लॅकपूल टॉवरच्या प्रसिद्ध बॉलरूमची फरशी महोगनी, ओक आणि अक्रोडाच्या लाकडाच्या 30,602 ठोकळ्यांची आहे; हे नाच अशाच लाकडी फरश्यांवर वाढले आणि बूटही त्यांच्यासाठी घडत गेले. काँक्रीट किंवा खडबडीत लादीवर स्वेड काही तासांत झिजतो. तुमचा वर्ग लादीवर होत असेल तर शिक्षकांना विचारा. अशा ठिकाणी मी पातळ, कडक चामड्याच्या तळाचा सरावाचा बूट सुचवते आणि स्वेडचा जोड लाकडी फरशीसाठी राखून ठेवायला सांगते.

तळानंतर माप. इथे मला जास्त वेळ घ्यायचा आहे, कारण सगळ्यात जास्त चुका इथेच होतात आणि त्या पुढे कितीही सराव केला तरी निस्तरत नाहीत. आपल्याला लहानपणापासून सवय असते की बूट अंगठ्यापुढे बोटभर मोकळा असावा. रोजच्या चालण्यासाठी ते ठीक आहे. नाचाचा बूट पायमोज्यासारखा बसायला हवा. बुटाच्या आत पाऊल जेवढं सरकेल, तेवढा तुमचा पाय आणि फरशी यांच्यातला निरोप उशिरा पोचतो. तुम्ही थांबलेल्या असता, पण पाऊल बुटात अजून पुढे जात असतं, आणि जोडीदाराला वाटतं तुमचा तोल गेला.

मी शिकायला लागून दुसऱ्या वर्षी पहिली लॅटिन सँडल, म्हणजे चा-चा-चा, सांबा अशा नाचांची पुढून उघडी सँडल घेतली आणि तीच सवय म्हणून एक नंबर मोठी घेतली. सांबामध्ये चवड्यावर जोर पडला की पाऊल उतारावरून घसरल्यासारखं पुढे जायचं. तिसऱ्या आठवड्यात करंगळी पुढच्या पट्ट्याच्या बाहेर आली आणि तिच्यावरच वजन पडलं. नख काळं पडलं, दीड महिना त्या पायाने नीट नाचता आलं नाही. त्याआधी दोन आठवडे मी बोटं आखडून सँडल धरून ठेवत होते आणि पोटऱ्या का भरून येतात याचा विचार करत होते. बोटांनी बूट धरून ठेवावा लागत असेल तर तो मोठा आहे, एवढं मी त्यातून पक्कं शिकले.

मग घट्ट म्हणजे किती घट्ट? बंद बुटात सगळ्यात लांब बोट टोकाला हलकं टेकलेलं असावं, दुमडलेलं नसावं. बोटं सरळ पसरलेली हवीत, एकमेकांवर चढलेली नकोत. उघड्या लॅटिन सँडलमध्ये बोटांची टोकं तळाच्या कडेपर्यंत यायला हवीत, अगदी किंचित पुढे आली तरी चालतात, कारण आपण त्या टोकांनी फरशी दाबतो. बोटांपुढे तळ शिल्लक राहिला तर तो अडखळतो. मागे टाच कडेला लागून बसलेली हवी. बूट घालून दोन्ही चवड्यांवर उभ्या राहा आणि कोणाला तरी मागे वाकून बघायला सांगा: टाच बुटातून उचलली जाते का, बाजूला फट पडते का? बक्कल लावूनही फट पडत असेल तर तो जोड परत ठेवा. आणि एकाच जागी बोचत असेल, मुंग्या येत असतील किंवा बोटं बधिर होत असतील, तर ‘वापरून सैल होईल’ यावर विश्वास ठेवू नका. चामडं रुंदीत थोडं सैलावतं, लांबीत जवळजवळ नाही. सॅटिन त्याहून कमी सोडतं. चावणारा बूट थोडे दिवस चावून गप्प बसेल ही आशा भोवऱ्या आणि फोडांवर संपते.

तुमच्यासारख्या रुंद चवडा-बारीक टाच असलेल्या पावलाला नंबर वाढवणं हा सगळ्यात वाईट उपाय. चवड्याला जागा मिळते, पण टाच पोहायला लागते. त्याऐवजी त्याच लांबीत रुंद फिटिंग मागा. डान्सचे बूट बनवणारे अनेक जण एकाच नंबरात दोन-तीन रुंदी ठेवतात, फक्त विचारावं लागतं. दुसरं म्हणजे आवळता येणारी रचना निवडा: वर नाडी असलेला बूट, किंवा पट्टा पावलाच्या कमानीखालून घोट्याकडे जाणारी सँडल. घोट्याभोवतीचा एकच पट्टा तुमच्यासारख्या पायाला कमी पडतो. तरीही टाच थोडी सुटत असेल तर मागच्या बाजूला आतून चिकटवायची स्वेडची पट्टी मिळते, ती लावा.

एक गोष्ट दुकानात सहसा कोणी सांगत नाही. दोन पावलं सारख्या लांबीची असली तरी चवडा दोघांत वेगवेगळ्या जागी असू शकतो. एखाद्याची बोटं लांब असतात आणि चवडा मागे असतो, तर एखाद्याची बोटं आखूड आणि चवडा पुढे. बूट जिथे वाकतो, तिथेच तुमचा चवडा यायला हवा. त्यासाठी बूट दोन्ही हातांत धरून टोक आणि टाच एकमेकांकडे दाबा. तो चवड्यापाशी वाकला पाहिजे, कमानीत मोडता कामा नये, कारण तिथे आत आधाराची पट्टी असते. मग पायात घालून टाच उचला आणि घडी कुठे पडते ते बघा. घडी बोटांवर पडली तर बूट तुमचा नाही, नंबर कितीही बरोबर असो. सरावाच्या काही बुटांचा तळ दोन तुकड्यांत असतो, मध्ये कमानीखाली मोकळा. ते तिथे वाकणारच. त्यांना ही दाबायची चाचणी लावू नका.

टाचेबद्दल आता. बायकांच्या स्टँडर्ड नाचाच्या बुटाला, म्हणजे वॉल्ट्झ, टँगो, व्हिएनीज वॉल्ट्झ, फॉक्सट्रॉट आणि क्विकस्टेपसाठी, साधारण 2 ते 2.5 इंच टाच असते. लॅटिनला, म्हणजे चा-चा-चा, सांबा, रुंबा, पासो डोब्ले आणि जाईव्हला, 2.5 ते 3 इंच. सरावाच्या बुटाला 1 ते 1.5 इंच. हा फरक दिसण्यासाठी नाही. लॅटिनमध्ये वजन सतत चवड्यावर पुढे ठेवायचं असतं, उंच टाच ते पुढे ढकलते. स्टँडर्डमध्ये स्त्री बराच वेळ मागे चालते, पावलं लांब असतात आणि वजन टाचेवरून चवड्यावर, चवड्यावरून टाचेवर मुरत जायला हवं. फार उंच टाचेवर ते मुरणं तुटतं.

उंचीपेक्षा टाचेचा आकार आणि जागा जास्त महत्त्वाची, असं माझं मत आहे. खाली रुंद होत जाणारी टाच नवशिक्या पायाला खूप आधार देते. मी पहिल्या दोन वर्षांत बारीक टाच कोणाला घेऊ देत नाही. टाच तुमच्या पावलाच्या टाचेच्या बरोबर मध्याखाली यायला हवी. फार मागे बसवलेली असेल तर उभं राहिल्यावर बूट मागे ओढल्यासारखा वाटतो. एका पायावर उभ्या राहा, सगळं वजन टाचेवर न्या आणि घोटा हलतो का ते बघा. स्वस्त बुटात टाच हाताने हलवली तरी जरा हलते. तसला जोड हातातही धरू नका, पाय मुरगळायला तेवढं पुरेसं आहे.

तुमचा मुख्य प्रश्न: एका जोडात वॉल्ट्झ आणि चा-चा-चा दोन्ही होतील का? शिकण्याच्या या टप्प्यावर, हो. नाडीचा, पुढून बंद, स्वेडच्या तळाचा, 1.5 इंचाची रुंद टाच असलेला सरावाचा बूट घ्या. तुमच्या पायाला नाडी लागणारच आहे, गुडघ्याला कमी उंची बरी पडेल आणि बंद टोकामुळे मिस्टरांचं पाऊल चुकून वर आलं तरी बोटं वाचतील. पहिल्या वर्षी ते येतंच. हा जोड पुढेही वाया जात नाही. मी स्वतः शिकवताना आजही असाच बूट घालते.

वर्षभराने दुसरा जोड घ्यावासा वाटेल, तेव्हा दोन्ही नाचांना चालेल असं काही शोधत बसू नका. तेव्हा फरक जाणवायला लागलेला असेल. स्टँडर्डचा बूट बंद असतो, कारण जोडीदाराचं पाऊल तुमच्या पावलाला अगदी लागून येतं, आणि पाय जुळताना आतली बाजू सलग, गुळगुळीत असावी लागते. तिथे बक्कल किंवा पट्ट्याचं टोक आलं तर ते झग्याच्या घोळात अडकतं. लॅटिनची सँडल उघडी असते, कारण बोटांनी फरशी ढकलायची असते, पाऊल ताणून टोक दाखवायचं असतं, आणि तिचा तळही जास्त लवचिक असतो. ज्या नाचाचे तास जास्त, त्याचा जोड आधी घ्या.

रंगाचं थोडक्यात: त्वचेच्या जवळचा रंग घेतला तर पाय लांब दिसतो, म्हणून स्पर्धेत तो जास्त दिसतो. सॅटिन सुंदर दिसतं पण मळतं आणि कडेला विरतं. रोजच्या वर्गाला चामडं बरं.

आता मिस्टरांचे ऑफिसचे बूट. त्यांचा तळ रबराचा असेल तर तुमच्यासारखीच अडचण त्यांनाही आहे, फक्त अजून दुखायला लागलं नाही. चामड्याचा तळ असेल तर थोडे दिवस भागेल, पण ऑफिसच्या बुटाची कड पावलाच्या बाहेर आलेली असते आणि तळ जाड असतो. त्यामुळे तुमच्या पायाच्या किती जवळ आपलं पाऊल आहे, याचा त्यांचा अंदाज चुकत राहतो. पुरुषांच्या स्टँडर्ड बुटाची टाच साधारण 1 इंच असते, कड पावलालगत कापलेली असते आणि तळ पातळ असतो. पुरुष पुढे जाताना टाच आधी टेकवतो, म्हणून ती कमी आणि रुंद हवी. लॅटिनच्या बुटाची टाच 1.5 इंचाच्या आसपास, मागून आत तिरकी घेतलेली असते. दोन्ही नाच सुरू असताना त्यांनी पहिला जोड 1 इंचाचा, साध्या काळ्या चामड्याचा घ्यावा. चकचकीत पेटंट लेदर नको: पाय जुळवताना दोन बूट एकमेकांना चिकटतात आणि चर्रकन आवाज येतो. स्पर्धेत पेटंट वापरणारे आतल्या बाजूंना व्हॅसलिनचं बोट फिरवतात, पण नवशिक्याने ती कटकट कशाला ओढवून घ्यायची? ज्या मोज्यांवर नाचणार, तेच मोजे घालून बूट बघायचे. जाड सुती मोज्यांवर घेतलेला बूट पातळ मोज्यांवर सैल होतो.

माप संध्याकाळी घ्या, दिवसभर उभं राहिल्यावर पाय थोडे फुगलेले असतात आणि वर्गही बहुधा तेव्हाच असतो. कागदावर पूर्ण वजन टाकून उभ्या राहा, दुसऱ्याकडून पेन्सिल सरळ उभी धरून दोन्ही पावलांची कड काढून घ्या. टाचेपासून सगळ्यात लांब बोटापर्यंत मिलिमीटरमध्ये मोजा. काहींचं अंगठ्याशेजारचं बोट अंगठ्यापेक्षा लांब असतं, तेव्हा तेच धरायचं. चवड्याभोवती टेप गुंडाळून घेरही मोजा. बूट मागवायचा असेल तर दुकानाला हे आकडे कळवा, नेहमीचा नंबर सांगू नका. ब्रिटिश मापात एका नंबरचा फरक सुमारे 8.5 मिलिमीटर असतो, युरोपियन मापात सुमारे 6.7. त्यामुळे एका पद्धतीतून दुसरीत जाताना नंबर तंतोतंत जुळत नाहीत, आणि डान्सच्या बुटात तीन-चार मिलिमीटरनेही बूट बसतो की नाही हे ठरतं. दोन्ही पावलांत फरक असेल तर मोठ्या पावलाचं माप धरा आणि लहान पावलाच्या बुटात पातळ आतला तळ घाला. आलेला जोड आधी घरात गालिच्यावर घालून बघा. स्वेड मळला की बूट परत घेत नाहीत.

घेतल्यावरची काळजी सोपी आहे, पण ती घ्यायलाच हवी. हे बूट रस्त्यावर घालायचे नाहीत, अगदी गाडीपासून दारापर्यंतसुद्धा नाही. खडा, पाणी आणि तेल हे स्वेडचे शत्रू. फरशीवरचं मेण आणि धूळ लवेत बसली की तळावर काळे, चकचकीत चट्टे दिसायला लागतात. तिथे पाय घसरतो. तारेचा छोटा ब्रश पिशवीत ठेवा आणि चट्टे दिसले की लव उभी राहील इतपतच घासा. रोज जोरात घासलंत तर तळच संपेल. फरशी फार गुळगुळीत असेल तर ओल्या फडक्यावर तळ एकदा टेकवला की पकड वाढते. जुने नर्तक तळाला एरंडेलाचा पुसट हात लावतात, पण आधी हॉलवाल्यांना विचारा, कारण पुष्कळ ठिकाणी ते चालत नाही. फरशीवर पावडर मात्र कधीही टाकू नका, तुमच्यामागून येणारी जोडी तिच्यावरून पडू शकते. टाचेच्या टोकाला प्लॅस्टिकची टोपी लावा आणि ती झिजली की बदला. झिजलेल्या टोपीतून खिळा बाहेर आला तर फरशीवर ओरखडे पडतात. वर्ग झाल्यावर बूट बंद प्लॅस्टिकमध्ये कोंडू नका. कापडी पिशवीत घालून घरी न्या, मग बाहेर काढून सावलीत वाळू द्या. उन्हात किंवा हीटरजवळ ठेवले तर चामडं कडक होतं आणि तळाचा गोंद सुटतो.

नवा जोड पहिल्या आठवड्यात रोज पंधरा-वीस मिनिटं घरात घाला, चवड्यावर चढा-उतरा, आणि मगच पूर्ण तासाला न्या. पहिल्या दिवशीच दोन तास नाचलात तर फोड येतील आणि तुम्ही बुटालाच दोष द्याल. आणि पुढे कधी पट्ट्याची सँडल घ्याल तेव्हा बक्कल पहिल्या दिवशी मधल्या भोकात बसतंय ना, ते बघा. महिन्याभरात पट्टा थोडा ताणला जातो आणि एक भोक आत घ्यावं लागतं.